वामनकाका बसून बघतात

वामनकाका दिघे तुमच्या घरी आले तर "या, बसा" म्हणायची घाई करू नका. ते बसतीलच, पण तुम्ही दाखवाल तिथे नाही, सगळीकडे. आधी सोफ्याच्या प्रत्येक जागेवर, मग वेताच्या खुर्चीवर, मग दिवाणावर, आणि घरात नवी सून आली असेल तर तिच्या माहेरून आलेल्या स्टुलावरसुद्धा. दर ठिकाणी डोळे मिटून, मांड्यांवर हात ठेवून थोडा वेळ स्वस्थ. पूर्वी उठल्यावर निकालही द्यायचे: "बैठक बरी आहे. आम्ही बसून बघितलंय, आता खुशाल बसा." जणू इतके दिवस आपण आपल्याच घरात जीव मुठीत धरून उभे होतो.

याला खानदानी कारण आहे. दिघ्यांचं घराणं म्हणे दरबाराच्या फरासखान्यातलं, म्हणजे गाद्या, गालिचे, तंबू सांभाळणारं. दरबार भरण्याआधी प्रत्येक गादीवर एक दिघे बसून बघायचा. विंचू असला, सुई राहिली असली, तर ती दिघ्याला टोचावी, सरदाराला नाही. माझे वडील म्हणायचे, दिघ्यांच्या कोणा पूर्वजाला दुपारी गादीवर डुलकी काढताना पकडलं असेल आणि त्यानं ही थाप ठोकून दिली असेल. काकांचा मात्र या कथेवर देवाइतका विश्वास.

दरबार गेला, गाद्या गेल्या, काका वीज खात्यात कारकुनी करून निवृत्त झाले, पण हे काम चालूच राहिलं. लग्नात नवरदेवाच्या खुर्चीवर आधी काका. ग्वाल्हेरच्या आमच्या दाना ओलीत कोणी स्कूटर घेतली तर हार घालण्याआधी काका. नई सडकेवरच्या एका दातांच्या डॉक्टरकडे नवी खुर्ची आली तेव्हा हे उत्साहानं बसून बघायला गेले आणि एक दाढ देऊन आले. "बैठक उत्तम होती," असं गाल धरून चार दिवस सांगत होते.

मी त्यांच्या समोरच्या घरात वाढले. त्यांची अनघा आणि मी शाळेत एका बाकावर. तो बाकही पहिल्या दिवशी काकांनी अख्ख्या वर्गासमोर बसून पास केला होता. आम्हा दोघींना तेव्हा धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

अनघाचं लग्न ठरलं तेव्हा काका इंदूरला मुलाच्या घरी जाऊन आले. सोफा उत्तम, झोपाळा उत्तम, जेवणाच्या खुर्च्यासुद्धा पाठ धरणाऱ्या. मांडवात सगळ्यांच्या देखत तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "मी बसून बघितलंय, बाळ. आता खुशाल बस."

अनघाला तिथे फार काळ बसता आलं नाही. काय झालं ते तिचं तिनं सांगावं, मी सांगणार नाही. ती परत आली, कित्येक दिवस माडीवरच्या खोलीत दार लावून राहिली, आणि मग नोकरी मिळवून कॅनडाला निघून गेली. त्याच सुमारास काकू गेल्या. तेव्हापासून काका बसतात, डोळे मिटतात, उठतात, पण निकाल देत नाहीत. गल्लीला वाटलं, वय झालं. मलाही तसंच वाटलं होतं.

आता या माणसाचं पाण्याशी काय नातं आहे तेही सांगते. लहानपणी विहिरीत पडले होते, तेव्हापासून त्यांचं तत्त्व एकच: मासा ताटात, पाणी तांब्यात. मासे इतके आवडीचे की काटेसुद्धा चोखून रांगेत मांडून ठेवतील, पण तो मासा कधीकाळी पाण्यात होता हे त्यांना आठवायचं नसतं. अख्खं ग्वाल्हेर सुट्टीच्या दिवशी तिघऱ्याच्या धरणावर जाऊन भजी खाऊन येतं. काका गेल्या कित्येक वर्षांत एकदाही गेले नव्हते.

आणि गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी अनघाचा फोटो आला. ती तिकडे एका मोठ्या, हिवाळ्यातही न गोठणाऱ्या तळ्याच्या काठच्या गावात एकटी राहते. सुट्टीला गळ टाकून मासे धरायला लागली होतीच, आता त्यासाठी स्वतःची कयाक घेतली होती. पिवळीधमक, लांबट, एका माणसाची. काका फोन घेऊन माझ्याकडे आले.

"मंजू, ही नाव आहे की सुपली?"

मी म्हटलं, कयाक म्हणतात, मासेमारीची खास असते. त्यांनी फोटो मोठा करून इकडून तिकडे सरकवला. "यात दुसरं माणूस कुठे बसतं?"

"दुसरं नसतं काका. एकटीचीच असते."

ते त्या नावेतल्या खुर्चीवर बोट ठेवून बराच वेळ बघत राहिले.

मग सुरू झाली भीती. रविवार उजाडला की काकांचा जीव टांगणीला. अनघा तळ्यावरून घरी पोचल्याचा निरोप येईपर्यंत जागे, आणि आमच्या घरचा दिवाही त्यांच्यापायी जागा. तिच्या गावी वारा किती, पाणी किती गार, हे त्यांना ग्वाल्हेरच्या हवेपेक्षा जास्त ठाऊक. नाव उलटते का, उलटली तर चढता येतं का, हे ते मला विचारत, आणि मी शोधून काही सांगितलं की म्हणत, "वाचून बैठक कळत नाही." कयाकींची परीक्षा घेणाऱ्या लोकांचे व्हिडिओही मी लावून दिले. ते बघून काका जास्तच खचले. म्हणाले, हे लोक बोलतात खूप, बसत कोणी नाही.

अनघाला सरळ सांगा ना, नको जाऊस म्हणून, असं मी एकदा वैतागून म्हटलं. त्यावर ते माझ्याकडे असे बघत राहिले की मीच विषय बदलला.

तेवढ्यात त्यांना शोध लागला की स्टेशनजवळच्या पडाव भागात टॅक्सीचा धंदा असलेल्या भदौरियाकडे अगदी तशीच कयाक आहे आणि तो ती तिघऱ्याला नेतो. एका सकाळी मी कॉलेजात शिकवायला निघत होते, तर काका माकडटोपी घालून दारात. हातात गुंडाळलेली नवार, खाटेला विणतात ती, भलीमोठी.

"गाडी काढ बरं. तिघऱ्याला चलायचंय."

मी म्हटलं, "काका, तिघऱ्यात मगरी आहेत." हे काही मी घाबरवायला म्हटलं नाही. ते ग्वाल्हेरमध्ये सगळ्यांना माहीत आहे. थंडीत काठावर ऊन खात पडलेल्या असतात.

"तिच्या तळ्यात आहेत का?"

"नाहीत."

"मग आपल्याकडची परीक्षा जास्त कडक," असं म्हणून ते गाडीत बसले. सीट नेहमीसारखी तपासली नाही, तेव्हा मी निमूट कॉलेजला रजा कळवली. सगळ्या रस्ताभर ते पुटपुटत होते. मला वाटलं रामरक्षा, नीट ऐकलं तर दिघ्यांच्या पूर्वजांची नावं होती.

धरणाचं पाणी त्या दिवशी अगदी स्थिर होतं, आणि मला तेच आवडलं नाही. भदौरियानं जीपच्या टपावरून कयाक उतरवली आणि कौतुकानं तिच्यावर थाप मारली. "भैंस बैठ जाए अंकल, तब भी ना डूबे."

"भैंस को तैरना आता है," काका म्हणाले.

आधी ते जमिनीवर ठेवलेल्या कयाकीत बसले. खुर्ची उंच पाठीची, जाळीच्या कापडाची, तळापासून जरा वर उचललेली. पट्टे ओढून पाठ मागेपुढे करता येत होती, पाय टेकायला खुंट्या होत्या, गळाच्या काठ्या खोचायला मागे भोकं. डोळे मिटून ते नेहमीसारखे बसले आणि क्षणभर मला जुने काका दिसले. मग त्यांना नावेच्या तळाचीही भोकं दिसली आणि ते ताडकन उठले. भदौरियानं समजावलं, आत आलेलं पाणी त्यातून निघून जातं. काकांनी ऐकून घेतलं आणि मला हळूच म्हणाले, "जिथून जातं तिथून येतंसुद्धा."

शेवटी तरंगायचं जाकीट चढवलं, नवारीचं एक टोक नावेतल्या खुर्चीमागच्या कडीला बांधलं, दुसरं माझ्या मनगटाला गुंडाळलं, आणि वामनकाका दिघे पाण्यावर गेले.

कयाक डुलली. काकांचा चेहरा पांढराफटक. दोन्ही हातांनी कडा धरून ते नुसते श्वास घेत होते. मी म्हटलं, परत या. ते आले नाहीत. उलट मुद्दाम एका अंगाला कलले, मग दुसऱ्या. नाव झुकली, झुकली, आणि एका जागी येऊन थांबली.

"आधी घाबरवते," ते ओरडून म्हणाले, "मग सांभाळते."

वल्हं मारायला लागले तर नावेचं नाक भलतीकडेच वळे. दोनदा स्वतःभोवती फिरले. वल्ह्याचं पाणी ठिबकून मांड्या भिजल्या, तीही तक्रार माझ्यापर्यंत आली. मग खुंट्यांवर पाय नीट रोवले तेव्हा नाव जरा सरळ जायला लागली आणि नवार संपत आली. त्याच वेळी मला पाण्यात काहीतरी दिसलं. काळपट, लांब, दोन उंचवटे असलेलं. मी भदौरियाचा दंड धरला. तो म्हणाला, लकड़ी है. मग थोडा वेळ बघून म्हणाला, शायद.

मी नवार ओढायला लागले. काका मागे वळले, आणि त्यांनी खुर्चीमागे हात घालून गाठ सोडली.

"काका, काय करताय?"

"ती काय दोर बांधून जाते का?"

सुटलेली नवार पाण्यावर पडली आणि मी ती मूर्खासारखी ओढत राहिले. काका लांब गेले. पार मधोमध जाऊन त्यांनी वल्हं आडवं ठेवलं, मांड्यांवर हात ठेवले आणि डोळे मिटले. मी लाकडाकडे बघितलं तर ते पहिल्या जागी नव्हतं. भदौरियाला म्हटलं, जा ना कोणीतरी. तो म्हणाला, दूसरी नाव कहाँ है मॅडम. त्याचाही आवाज उतरला होता. मला एकच दिसत होतं, की रात्री अनघाला फोन मी करते आहे. काय शब्द वापरेन तेही मनात जुळायला लागले होते, आणि त्याची मला इतकी भीती वाटली की मी मोठमोठ्यानं काकांच्या नावानं हाका मारू लागले. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

उघडले तेव्हा ते इतक्या निवांतपणे उघडले की मला राग आला. वेडीवाकडी वळणं घेत ते काठाला लागले. उतरताना भदौरियानं त्यांना जवळजवळ उचलूनच बाहेर घेतलं. लाकूड तोवर पलीकडच्या काठावर चढून ऊन खात पडलं होतं.

टपरीवर चहा घेतला. काकांनी अर्धा बशीत ओतला, अर्धा स्वेटरवर. मी तोंडाला येईल ते बोलून घेतलं. ते ऐकत होते. मग म्हणाले, "मंजू, मगरीची भीती वाटली. खूप वाटली. पण ती भीती लहान होती."

मी रुमालानं त्यांचा स्वेटर पुसला.

"दार लावून बसायची ती. तू बघितलंस ना तिचा चेहरा. आणि मग म्हणते, एकटीच पाण्याच्या मधोमध जाते. मला वाटलं, मासे कसले, मासे म्हणजे बहाणा. विचारायची हिंमत नाही झाली गं. विचारलं आणि ती खरं बोलली तर?" बशी खाली ठेवून त्यांनी हात पुसले. "तिच्यासाठी एक बैठक बघायला मी चुकलो. म्हटलं ही तरी बघू, ती तिथे कशाला बसते ते."

"मग?"

"ज्याला परत यायचं नसतं, तो पाठीला टेकू बघत नाही. ती खुर्ची तिनं निवडून घेतलीय. पट्टे आहेत, पाय रोवायला जागा आहे. तासन्‌तास बसून घरी यायची बैठक आहे ती. आणि तिथे ना, कोणी काही विचारत नाही. इतकंच आहे बघ. ती बसायला जाते."

मला रडू आलं ते मी टपरीवाल्याच्या धुरावर ढकललं.

संध्याकाळी, तिकडे सकाळ झाली असेल तेव्हा, काकांनी मला बोलावून अनघाला स्पीकरवर फोन लावायला लावला. काका तिला सांगत होते की पाठीचा पट्टा ओढून घे, बूड भिजतं तर खाली जाड उशी ठेव, पाय खुंट्यांवर नीट रोव म्हणजे नाक भटकत नाही. ती हसत होती. म्हणाली, बाबा, तुम्हाला हे कोणी सांगितलं?

"कोणी नाही. मी तिघऱ्याला जाऊन आलो. तसलीच होती."

हसणं थांबलं. "तुम्ही? पाण्यात?"

"मधोमध." काकांनी नेहमीसारखे मांड्यांवर हात ठेवले, आणि गेली कित्येक वर्षं दाना ओलीत कोणी न ऐकलेलं वाक्य म्हणाले. "मी बसून बघितलंय, बाळ. आता खुशाल बस."

तिकडून खुर्ची ओढून बसल्याचा आवाज आला, आणि काकांनीही फोन ठेवायची घाई केली नाही.