सव्वापट सासरे

हमाल! अहो, चक्क हमाल म्हणाले मला! आणि म्हणालं कोण? जन्मभर लोकांचे दात उपटून पोट भरलेले आमचे सासरे!

हजारदा सांगितलंय त्यांना, आमची कंपनी क्रेन आणि चेन पुल्या बनवते, मी तिथे इंजिनिअर आहे. अवजड माल इकडून तिकडे सुखरूप पोचवणं हे शास्त्र आहे, शास्त्र! त्यावर ते मिशीतल्या मिशीत हसतात. "इकडचं तिकडे? म्हणजे हमालीच की, जावईबापू!"

म्हणून नव्या घरी राहायला आलो आणि सासूबाईंचं लाकडी कपाट जिन्याच्या वळणावर अडलं आणि परत अंगणात आणावं लागलं, तेव्हा मला आतून उकळ्या फुटल्या. सासूबाई आता नाहीत. त्यांची एवढी एकच वस्तू बायकोने जिवापाड जपलेली. ती दुसऱ्या मजल्यावर पोचवायची आणि सासऱ्यांना त्यांचा शब्द गिळायला लावायचा! एका दगडात दोन पक्षी!

"हमाल बोलावू या का?" बायको म्हणाली.

"खबरदार! घरात इंजिनिअर असताना?"

"बरं बाई! पण ओरखडा जरी आला ना, तर बघा!" असं बजावून ती जुन्या घराच्या किल्ल्या द्यायला गेली.

गच्चीवरून एक लोखंडी तुळई बाहेर आलेली होती. तिला मी चेन पुली टांगली. खालून साखळी ओढत राहिलं की माल वर! पण आमच्या धंद्यात एक रीत आहे. खरा माल लावण्याआधी त्याच्या सव्वापट वजन उचलून बघायचं. आता एवढं वजन आणू कुठून? खोकी तर सगळी वर गेलेली. अंगणात सव्वापट भरेल असा एकच ऐवज होता. तो खुर्चीत बसून पेपर वाचत होता.

"छे, छे! माणूस उचलायचा नाही, हा पहिला नियम," मी मोठ्याने म्हणालो.

"नियम की भीती?" पेपरामागून आवाज आला. "हमालाचा स्वतःच्या खांद्यावर तरी भरवसा असतो!"

झालं! माझं डोकंच फिरलं. "बसा तसेच! नाही वर नेलं तर नावाचा इंजिनिअर नाही!"

खुर्चीला चारही बाजूंनी पट्टे आवळले आणि सासरे उचलले. काय सुंदर चालले होते म्हणता! पहिल्या मजल्याच्या गॅलरीसमोर आले, तर तिथल्या काकूंनी त्यांना चहा विचारला. "साखर कमी, दातांना वाईट," असं म्हणून यांनी कप घेतलासुद्धा!

तेवढ्यात फाटकात बायको दिसली. मी कपाटामागे दडलो. हातातली साखळी मात्र तिथूनच ओढत राहिलो, तिरकी! साखळी तिरकी ओढू नका, असं कामगारांना सांगून सांगून माझा घसा बसलाय हो! कर्रर्र... अडकली. सासरे वर जाईनात, खाली येईनात.

"बाबा! तिथे काय करताय?"

"तुझ्या नवऱ्याची परीक्षा घेतोय!"

"आणि हे कुठायत?"

बाबांनी कपानेच कपाट दाखवलं. आता लपण्यात अर्थ नव्हता. मी छाती काढून पुढे आलो. "अगं, पुलीचा ब्रेक बघ कसा धरलाय! माल तसूभर खाली आलेला नाही!"

"माल?" बायको कडाडली. "बाप आहे तो माझा!"

ती धावत काकूंकडे गेली. दोघींनी खुर्ची गॅलरीत ओढून घेतली, पट्टे सोडले आणि सासऱ्यांना आत घेतलं. इतर शेजारीपाजारी खाली जमून फुकटचे सल्ले देत होते. पण मी हटतोय होय! गच्चीवर गेलो, साखळी सोडवली, परत येऊन कपाट बांधलं आणि सगळ्यांच्या नाकावर टिच्चून वर चढवलं. एक ओरखडा नाही! बायकोने त्याच्यावरून हात फिरवला आणि तिचे डोळेच भरून आले. तोवर मीही वर पोचलो होतो.

सासरे जिना चढून आलेच, मागोमाग सगळे शेजारी.

"बोला बाबा!" मी गरजलो. "आहे मी हमाल?"

"नाही, जावईबापू. शब्द मागे घेतो," ते सगळ्यांदेखत म्हणाले. "हमालाने मला शेजारणीच्या घरात नसतं उतरवलं!"

लोक हसले. हसू देत! शब्द मागे घेतला ना? घेतला!