मधल्या सिलिंडरची रजा

महिपती पिसाळ वारला त्याच्या चौथ्या दिवशी त्याच्या गाडीच्या मधल्या सिलिंडरने सुतकाची रजा टाकली.

पहिले तीन दिवस पाहुण्यांना विट्याच्या स्टँडवरून घरी आणायला गाडी लागत होती, म्हणून तो कामावर होता. पाहुणे आवरले तशी त्याने मान टाकली. छोटी पांढरी गाडी, पंचवीस वर्षांची. इंजिनात तीन सिलिंडर एका ओळीत, प्रत्येकाची पाळी ठरलेली: आधी पहिला, मग तिसरा, मग मधला. मधल्याची पाळी आली की इंजिन ठेचकाळायचं आणि सगळी गाडी उचकी लागल्यासारखी हलायची.

महिपतीचा धाकटा भाऊ संपत याने बॉनेट उघडून मधला प्लग काढला. सिलिंडर आपले अर्ज प्लगवरच्या काजळीत लिहितात. संपतने चौथीत शाळा सोडलेली, त्यामुळे त्याला अक्षरं जुळवून वाचायला वेळ लागला.

"मा. महोदय, घरात दुःखद घटना घडल्याने मी दहा दिवस कामावर येऊ शकत नाही. मयताशी नाते: भाऊ. कळावे."

शेवटच्या ओळीवर संपतचं डोकं फिरलं. त्याने पॉलिश पेपर घेतला आणि अर्ज घासून टाकला. प्लग लावला, गाडी चालू केली, परत उचक्या. प्लग काढला तर अर्ज पुन्हा होता, वर 'स्मरणपत्र क्रमांक एक' असं लिहिलेलं. तोही घासला. मग तो बाजारात जाऊन नवा प्लग घेऊन आला. नव्या प्लगवर अक्षर जास्त चांगलं आलं.

असे पाच दिवस गेले. नवव्या दिवशी कांचनवहिनी अंगणात येऊन उभ्या राहिल्या.

"भावजी, उद्या दहावा. बाराच्या आत हरिपूरला संगमावर पोचायचं."

"जीप सांगू का कुणाची?"

"दुसऱ्याच्या गाडीत मी ह्यांना बसवणार नाही," वहिनी म्हणाल्या आणि आत गेल्या.

संपत उठला आणि हमीदचाचांना घेऊन आला. महिपती गाड्यांचं काम शिकला तो हमीदचाचांच्याच हाताखाली. चाचांनी इंजिन चालू ठेवून पहिल्याची वायर उपसली. इंजिन बुडायला लागलं. ती लावून तिसऱ्याची उपसली, तेच झालं. मधल्याची उपसली तेव्हा इंजिनाला पत्ताही लागला नाही.

"हा कामावर नाहीच," चाचा म्हणाले. "अर्ज मंजूर केलास?"

"कसला मंजूर, चाचा! लोखंडाचं भोक ते, आणि म्हणतंय भाऊ!"

"पाच दिवस बिनमंजुरीचा घरी बसवलास व्हय त्याला?" चाचांनी इंजिन बंद करून बाकीचे दोन प्लग काढून उजेडात धरले. "हे बघ. दोघांची नोटीस आहे. उद्या सकाळपासून काम बंद. मंजूर केलास तर दोघं त्याचं काम वाटून घेतील. हळू जाशील, पण जाशील."

"त्याचं पेट्रोल?"

"ते चालूच राहतं. भरपगारी रजा असते सुतकाची."

"आणि मंजूर कोण करतं?"

"तुझा दादा करायचा. अंगठा लावून."

ते संपतने शंभरदा पाहिलं होतं. प्लग काढायचा, त्या जागी अंगठा दाबून धरायचा आणि दुसऱ्याला किल्ली मारायला सांगायची. आतला दाब अंगठा वर ढकलतो. किती जोराने ढकलतो त्यावरून महिपती सिलिंडरची तब्येत सांगायचा. तो असताना तिथे दुसऱ्या कुणाचा अंगठा लागला नव्हता.

"मी नाही लावणार," संपत म्हणाला.

"का रे?"

"दादाची जागा आहे ती."

चाचांनी विडी काढली आणि ते उगाच टायर बघायला मागच्या बाजूला गेले.

संपतने मधला प्लग काढला आणि तो इंजिनावर वाकला. "ए," तो भोकात म्हणाला. "तू कुणाचा भाऊ रे?"

"महिपतीचा," मधला म्हणाला.

"भाऊ मी आहे त्याचा."

"माहीत आहे. रेडिएटरात पाणी न बघता गाडी पळवणारा तूच ना? दोनदा हेड गास्केट जाळलंस. दोन्ही वेळा माझ्याच कडेला जळालं."

संपतचे कान तापले. "नोकर म्हणून लिही. तीन दिवस देतो."

"नोकर असतो तर गास्केट गेलं तेव्हाच सोडून गेलो असतो."

"मग सोयरा लिही!"

"सोयऱ्याला कुणी रोज हात लावून बघत नाही. जुन्या बाजारातून आणल्यापासून अठरा वर्षं दादा मला बघत होता. तुला तरी रोज बघायचा का?"

"मला शिव्या द्यायचा रोज!"

"गास्केटवरून दिल्या?"

गास्केटवरून दादा एकदाही बोलला नव्हता.

"तेव्हा तो मला बोलला," मधला म्हणाला. "म्हणाला, पोरगं शिकेल. तोवर तू जरा सोस."

मग संपतने चाचांना हाक मारली. इंजिन पेटू नये म्हणून चाचांनी कॉइलची वायर काढली आणि ते आत बसले. "मारू किल्ली?"

संपतने भोकावर अंगठा ठेवला. "मारा."

आतून पेट्रोलच्या वासाचा कोमट श्वास आला आणि अंगठा उडाला. त्याने पुन्हा दाबला. पुन्हा उडाला. चाचांनी किल्ली सोडली तरी संपतने अंगठा काढला नाही. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. चाचा शांतपणे म्हणाले, "वाफ लागते डोळ्याला. जुन्या इंजिनाला फार वाफ." आणि दोघांनी ते मान्य केलं.

"दाब चांगला आहे का?" चाचांनी विचारलं.

"चांगला आहे."

"म्हणजे मंजूर. मयताच्या दिवसापासून धर. परवा कामावर येईल."

दहाव्या दिवशी सकाळी सातला गाडी निघाली. वहिनींच्या मांडीवर अस्थींचं मडकं. दोन सिलिंडर ओढत होते आणि मधला नुसता बरोबर येत होता. रजेवरच्या माणसाने काम करायचं नसतं, पण यायला हरकत नसते. गाडी इतकी हलत होती की वहिनींनी मडक्याला पदर गुंडाळला.

तासगावच्या अलीकडे एक सायकलवाला पुढे गेला. "पाव्हणं, धक्का देऊ का?" तो मागे वळून ओरडला. एरवी संपतने त्याला गाठून जाब विचारला असता. आज त्याने हात करून त्याला पुढे जाऊ दिलं. नंतर एक ट्रॅक्टर पुढे गेला, मग उसाची गाडी. दर अर्ध्या तासाला तो थांबून रेडिएटरचं पाणी बघत होता. उन्हाने इंजिनावरचा पेट्रोल पंप तापून गाडी बंद पडली तेव्हा त्याने खांद्यावरचा टॉवेल भिजवून पंपावर टाकला आणि पंप निवेपर्यंत गुमान उभा राहिला.

"भावजी, तुमच्यात एवढा दम कुठनं आला?" वहिनींनी विचारलं. दहा दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात थट्टा होती.

"मागं एक रजेवरचा नाही का, वहिनी," संपत म्हणाला.

"पुढं. इंजिन पुढं असतं."

"पुढं."

पावणेबाराला ते संगमावर पोचले. गुरुजी घाईत होते, त्यांना अजून दोन ठिकाणी जायचं होतं. त्यांनी दर्भ मांडला आणि विचारलं, "मयताला भाऊ किती?"

संपतने वहिनींकडे पाहिलं. वहिनी नदीकडे बघत होत्या.

"दोन," तो म्हणाला.

"दुसरे कुठे आहेत?"

"वर गाडीत. उतरता येत नाही त्याला."

"गोत्र?"

"एकच."

"तुमच्याहून धाकटे की थोरले?"

संपतने मनातल्या मनात वर्षं मोजली. गाडीची पंचवीस होती, त्याची बावीस.

"थोरला," तो म्हणाला.

"मग पहिली ओंजळ त्यांच्या नावाने सोडा," गुरुजी म्हणाले. "तुमची नंतर."

संपत पाण्यात उतरला. आधी त्याने मधल्याची ओंजळ सोडली, मग आपली.