वसंतअण्णांची खातरजमा

आमच्या वरच्या मजल्यावरचे वसंतअण्णा बेल वाजली म्हणून लगेच दार उघडत नाहीत. आधी बहिणीला विचारतात, "वाजली ना?" ती शाळेत शिकवायला गेली असेल, तर मला फोन करतात. मी ऑफिसच्या कॉलवरून उठून जिन्यात डोकावते आणि कुरिअरवाला खरोखरच उभा असल्याची ग्वाही देते. मगच दार उघडतं.

अण्णांना स्किझोफ्रेनिया आहे. मी पुण्याहून इथे बसवनगुडीत राहायला आले तेव्हा पहिल्याच भेटीत त्यांनी हे सांगितलं, आपण मधुमेह सांगतो तितक्या सहज. तीन पिढ्या बंगळुरात काढलेलं घराणं, त्यामुळे मराठीत कानडी मिसळतं. "स्वल्प आवाज येतात. गोळ्या चालू आहेत. तरी विचारून घेतलेलं बरं, सरी?" मीही 'सरी', म्हणजे 'बरं', म्हणाले आणि घरात येऊन कडी लावली. तेव्हा मी फार शहाणी होते.

पुढे इमारतीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून एक गृहस्थ गरजले, की उद्यापासून एकेकाच्या गाडीची हवा सोडतो. अण्णांनी शांतपणे मला विचारलं, "हे असं म्हणाले, की मलाच वाटलं?" मी म्हटलं, म्हणाले. ते गृहस्थ एकदम चहाचं बघायला उठले. हल्ली आमच्या मीटिंगा वीस मिनिटांत आटपतात. हा तुमच्या आजाराचा फायदाच, असं मी एकदा बोलून गेले. अण्णांना ते आवडलं नाही. आजारानं नोकरी नेली, ठरलेलं लग्न मोडलं, त्याला कसलं श्रेय देतेस, म्हणाले. "विचारायची सवय माझी आहे, त्याची नाही."

यंदा बाबा गेले आणि मी आईला इकडे आणलं. रोज सकाळी तिला बाबांचं खाकरणं ऐकू यायचं. मी घाबरले. भास आहे गं, म्हणत तिला गप्प करत राहिले. आई खरोखरच गप्प झाली. जेवणही अर्ध्यावर आलं.

एका सकाळी अण्णा पेपर द्यायला आले, तेवढ्यात आईनं चमकून आतल्या खोलीकडे पाहिलं.

"अक्का, काय ऐकलंत?"

आई माझ्याकडे चोरून बघत म्हणाली, "हे खाकरले."

"मला नाही ऐकू आलं," अण्णा म्हणाले. "पुढे काही बोलतात?"

"चहा झाला का, विचारतात."

मग आई अर्धा तास बाबांविषयीच बोलत होती. त्यांच्या चहाच्या तऱ्हा सांगताना दोनदा हसली. दुपारी तिनं स्वतःहून आणखी एक पोळी घेतली, आणि मला स्वयंपाकघरात जाऊन रडावं लागलं.

संध्याकाळी अण्णा जिन्यात भेटले. आईला असं विचारायचं कसं सुचलं, म्हटलं.

"मला कुणीतरी विचारावं असं फार वाटायचं. सगळे गोळी घेतली का, एवढंच विचारतात."

तीन वर्षं मीही तेवढंच विचारत आले होते. मला शरम वाटली. "अण्णा," मी म्हटलं, "तुमचे आवाज काय म्हणतात?"

ते कठड्याला धरून थांबले. थोडा वेळ कान देऊन ऐकलं, मग हसले.

"गप्प आहेत. पहिल्यांदाच कुणी चौकशी केली ना, लाजले असतील."