गालिहच्या जंगलात माझं सारोन

गालिहला जेवायला बोलवू या, असं मीच म्हणालो. (माझ्या आयुष्यातली बहुतेक संकटं मीच आग्रहाने जेवायला बोलावलेली आहेत.)

माझी बायको वेनिंग व्हिडिओ गेम बनवते. इंडोनेशियात, जावा बेटावरच्या जोग्या शहरातल्या आमच्या दोन खोल्यांत तीन वर्षं एकच गेम चालू आहे: काढे विकणारी एक बाई पाठीवर टोपली घेऊन भुतांच्या जंगलातून जाते. संगीत माझं. म्हणजे, होतं. गालिह, म्हणजे माझा संगीत करणारा मित्र, आला, फणसाची भाजी दोनदा मागून घेतली आणि हात धुता धुता म्हणाला, "जंगलाचं संगीत मी करून बघू?"

"अरे, कर की!" वेनिंग म्हणाली. मला विचारायची पद्धत नाही.

आठ दिवसांत त्याचं जंगल आलं. वेनिंगने डोळे मिटून ऐकलं. (माझ्या चाली ती भांडी घासताना ऐकते.)

"काय कमाल केलीय हो मास गालिहने!"

मास! आमच्याकडे बायको नवऱ्याला मास म्हणते, म्हणजे दादा. इतरांनाही म्हणतात, मला मान्य आहे, पण काल रात्रीपर्यंत तो नुसता गालिह होता. माझा नुसता जळफळाट झाला.

आता, गामेलान म्हणजे आमचा जावाचा वाद्यमेळ; त्याच्या प्रत्येक संचातली वाद्यं एकमेकांशी जुळवूनच घडवलेली असतात. एका संचातलं वाद्य दुसऱ्यात बसवलं की सवतींचं भांडण सुरू. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही हे कळतं. म्हणून तर मी ते केलं. मामाच्या गावी गेलो, त्याच्या संचातलं सारोन (पितळी पट्ट्या, हातोडीने बडवायच्या) वाजवून फोनवर टिपलं, आणि गेममधल्या जंगलातलं गालिहचं सारोन गुपचूप काढून तिथे आपलं चिकटवलं. लोक हसतील, गालिहची फजिती होईल, वेनिंग पुन्हा माझ्याकडे वळेल.

रविवारी एका कॉफीच्या दुकानात वीसेक जणांना गेम खेळायला दिला. जंगल लागलं. एक मुलगी किंचाळली आणि तिने हेडफोन काढून फेकला. एक दांडगा गडी देवाचं नाव घेऊ लागला.

"बापरे! ते मागे काय वाजतंय? अंगावर काटा आला!"

"जंगलच सगळ्यात भारी!"

टाळ्या. गालिहची पाठ थोपटून थोपटून सपाट झाली. पाप माझं आणि पुण्य त्याला! गेममधल्या गावच्या बाजाराला मी दिलेल्या चालीबद्दल एकानेच मत दिलं: "आवाज बंद कुठून करायचा?"

घरी येताना स्कूटरवर मला राहवेना.

"वेनिंग, ते सारोन मी वाजवलंय."

"ठाऊक आहे."

मी गाडी कडेला घेतली.

"गालिहने पहिल्या दोन ठोक्यांतच ओळखलं," ती म्हणाली. "मी काढूनच टाकणार होते. तोच म्हणाला, राहू दे, मास दर्योंनी इतक्या मनापासून सुरात वाजवायची धडपड केलीय, त्यांचं मन मोडू नकोस. लोकांना आवडेल असं आम्हा दोघांनाही वाटलं नव्हतं हो!" तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. कित्येक महिन्यांनी. "खूप मेहनत घेतलीत ना?"

आता एक तर हलकट ठरायचं, नाही तर बेसूर. मी त्या हाताकडे पाहिलं.

"हो ना," मी म्हणालो. "चार दिवस रियाज केला."