पीयूषच्या इन्व्हर्टरचा सूर

माझा कान फार तयार आहे, हे मी स्वतःच्या तोंडाने सांगत नाही. आमची अख्खी कॉलनी सांगते! मी घरी गाण्याचे क्लास घेते. आत पोहे परतत असताना बाहेरच्या खोलीत कुणाचा गंधार घसरला, तर मी झारा हातात घेऊनच धावत येते. शेजारच्यांचा कुकर कोणत्या पट्टीत शिट्टी देतो, तेही मी सांगू शकते. आमचे हे, म्हणजे देवदत्त, म्हणतात, "पण तुला विचारलंय कोणी?" त्यांचं जाऊ द्या.

तर एका दुपारी क्लास सुटला, पोरी गेल्या, आणि मला आवाज आला. बारीक आणि सलग. ईऽऽऽ! जणू एखादा डास तंबोरा जुळवायला बसलाय आणि उठायचं नावच घेत नाहीये.

"अहो, हा आवाज कसला?"

देवदत्तांनी पेपर खाली केला. "कोणता?"

"हा काय! ईऽऽऽ!"

"अच्छा, तो!" म्हणाले, आणि पेपर पुन्हा वर. लग्न जुनं झालं की नवरा न ऐकलेल्या आवाजालाही हो म्हणायला शिकतो.

मी फ्रिज बंद केला. टीव्हीची पिन काढली. शेवटी मेन स्विचच पाडला. ईऽऽऽ चालूच! म्हणजे आवाज आमच्या घरातला नाही, हे सिद्ध झालं. मग उरलं कोण? वरच्या मजल्यावरचा पीयूष! एकटा राहणारा, घरून ऑनलाइन नोकरी करणारा गरीब मुलगा. पण त्याने नुकताच नवा इन्व्हर्टर घेतला होता ना!

मी तडक वर गेले. "पीयूष बेटा, तुझा इन्व्हर्टर गातोय."

"गा रहा है? आंटीजी, ये तो एकदम साइलेंट मॉडल है!"

"साइलेंट मॉडेल आणि माझा कान, यात तू कुणाचं ऐकशील?"

बिचारा इन्व्हर्टरला कान लावून कितीतरी वेळ उकिडवा बसला. मग मान हलवत म्हणाला, "हाँ आंटीजी... हल्का-सा कुछ है तो सही."

त्याने सियागंजच्या बाजारातून जाड रबराची शीट आणून इन्व्हर्टरखाली घातली. आवाज तसाच! तोवर बातमी आमच्या सोसायटीचे अध्यक्ष जयसिंगराव यांच्यापर्यंत गेली. ते म्हणजे साधा पाण्याचा टँकर आला तरी मीटिंग बोलावणारे. त्यांनी सगळ्यांना जिन्यात उभं केलं आणि हुकूम सोडला, "आँखें बंद! सब लोग सुनो!"

सगळ्यांनी डोळे मिटले. श्रद्धांजलीची सभा वाटावी अशी शांतता पसरली.

"येतोय," जयसिंगराव म्हणाले. "मला तर महिनाभरापासून येतोय. म्हटलं, उगीच कुठे बोला!"

"मेरा तो इसी से सर दुखता है," पहिल्या मजल्यावरून कुणीतरी म्हणालं.

"वल्लरीताई म्हणतात म्हणजे असणारच," तिसरं कुणीतरी बोललं. मी अभिमानाने पदर सारखा केला.

ठराव पास झाला. पीयूषने आणि देवदत्तांनी ते इन्व्हर्टरचं धूड बॅटरीसकट उचलून पार्किंगमध्ये नेऊन ठेवला. देवदत्तांची कंबर धरली ती वेगळीच! दुसऱ्या दिवशी भर ऑनलाइन मीटिंगमध्ये वीज गेली आणि पीयूष आपल्या साहेबांच्या स्क्रीनवरून गायब झाला. जिन्यात जो भेटेल तो मला म्हणत होता, "वा ताई, क्या शांति हो गई!"

आणि माझ्या कानात? ईऽऽऽ!

आता हे कोणत्या तोंडाने सांगणार? मी मुकाट्याने कानात कापसाचे बोळे घातले. तर आवाज दुप्पट! डास आता माइक लावून बसला.

त्याच आठवड्यात यांच्या मित्राच्या शेतावर, मानपूरला दाल-बाफल्यांचं जेवण होतं, म्हणजे वरण आणि तुपात बुडवलेले कणकेचे बाफले. चहूकडे गव्हाचं रान, वर मोकळं आभाळ, आणि गावातली वीज सकाळपासून गेलेली. मी थाळी घेऊन झाडाखाली बसले आणि निवांत डोळे मिटले. ईऽऽऽ!

मी खाडकन डोळे उघडले. "अहो! इथे इन्व्हर्टर आहे का कुणाचा?"

"इथे साधा बल्ब नाहीये यार, वल्लरी!"

माझ्या हातातला बाफला थाळीत पडला. म्हणजे आवाज माझ्याच डोक्यातला? गाणं शिकवणाऱ्या बाईचाच कान बिघडला? परतीच्या वाटेवर मी महू गावापर्यंत गाडीची काच वर-खाली करत ईऽऽऽ तपासत राहिले. देवदत्त इतके घाबरले की त्यांनीच डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली.

कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांनी कानात दिवा मारून पाहिलं. मळ नाही, पडदा ठीक. त्यांनी मला ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्या संबोधी मॅडमकडे पाठवलं. हसऱ्या चेहऱ्याची, महूची मुलगी. तिने मला एका बंद काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि हातात बटण दिलं. "ताई, आवाज आला की दाबायचं. अगदी बारीक आला तरी."

मी दाबलं. पुन्हा दाबलं. मग दाबूनच धरलं. परीक्षेत पैकीच्या पैकी, म्हटलं!

काचेपलीकडून आवाज आला, "ताई, मी अजून मशीन सुरूच केलेलं नाहीये!"

मग तिने मशीनचा आवाज तुटक केला, टुक-टुक-टुक असा, म्हणजे तो आणि माझा डास वेगळे ओळखता यावेत. त्यानंतर वेगवेगळ्या शिट्ट्या वाजवून ती विचारू लागली, "तुमचा आवाज असा आहे? की असा?"

"अजून वर. आणखी. अंहं, चढला! जरा उतरवा... हां! हाच! सुरात आहे हो मेला!"

ती खळखळून हसली. "इतकं पटकन कुणी जुळवत नाही, ताई."

तेवढ्यानेसुद्धा मला बरं वाटलं, काय सांगू! पण मग तिने आलेख समोर ठेवला. खालचे सूर ठीक, फार वरचे दोन्ही कानांना कमी ऐकू येत होते. "याला टिनिटस म्हणतात. कानाकडून वरचे आवाज पोचत नाहीत, मग मेंदू तिथे स्वतःच आवाज भरतो."

"म्हणजे तो रियाज करतोय?"

"तसंच समजा. आणि तुम्ही घाबरून त्याच्याकडे जितकं लक्ष देता, तितका तो मोठ्याने गातो."

"मला शिकवता येईल ना गं?" मी एकदम विचारलं. देवदत्तांनी गुपचूप माझा हात धरला.

"येईल, नक्की येईल! आवाज बंद करणारी गोळी नसते, ताई, पण त्याची सवय लावता येते." तिने कापूस टाकून द्यायला सांगितलं, अगदी चिडीचूप खोलीत बसायला मनाई केली आणि पंखा नाहीतर पाण्याचा आवाज हळूच चालू ठेवायचा सल्ला दिला, डासाला दाबण्याइतका नाही, फक्त सोबतीपुरता. शिवाय दोन्ही कानांना ऐकण्याची छोटी यंत्रं दिली. "काही महिने लागतील. मध्ये मध्ये येत राहा."

घरी आल्यावर आधी वाटीभर श्रीखंड घेऊन वर गेले. "पीयूष बेटा, माफ कर. आवाज माझ्याच कानातला निघाला."

तो चमच्यासकट थबकला. "लेकिन आंटीजी, मुझे तो सच में सुनाई दिया था!"

त्याची समजूत घालता घालता माझ्या नाकी नऊ आले. इन्व्हर्टर वर चढवायला मात्र देवदत्त आले नाहीत. जयसिंगरावांना जावं लागलं.

हळूहळू डास खरंच मागे सरकला. पंखा चालू ठेवून कामात गुंतले की तासन्‌तास त्याची आठवणही येत नाही. यंत्रं लावून पहिल्यांदा क्लास घ्यायला बसले, तेव्हा मी मोठ्या झोकात पेटी ओढली आणि दचकलेच. सुरामागून फुस्स, फुस्स!

"हे काय? कोण फुसफुसतंय?"

माझी सगळ्यात जुनी विद्यार्थिनी संहिता खाली बघत म्हणाली, "ताई, पेटीचा भाता फाटलाय. मागच्या दिवाळीपासून."

"अगं, मग सांगायचं नाही का?"

"आम्हाला वाटलं, तुम्हाला ऐकू येतच असेल. तुमचा कान म्हणजे..."

संबोधी मॅडमने यंत्रं क्लासमध्ये काढायची नाहीत अशी ताकीद दिली होती म्हणून, नाहीतर तेव्हा मी ती काढून पर्समध्ये टाकणारच होते!