वैविध्य शंभर

सासरे पंच्याहत्तर वर्षांचे होणार होते आणि सासूबाईंची एकच इच्छा होती: नवऱ्याचा हसरा फोटो. पन्नास वर्षांच्या संसारात तो निघालाच नव्हता. सासरे निवृत्त हेडमास्तर. कॅमेरा दिसला की मागच्या बाकावर कुणीतरी बडबडतंय असंच त्यांना वाटायचं. बायको फोटोग्राफरला विचारणार, एवढ्यात तिचा नवरा, म्हणजे आमचा रेकॉर्ड खात्यातला कारकून, छाती फुगवून म्हणाला, “फोटोग्राफर कशाला? मी मोबाइलवर करतो. एआय!”

“तुम्हाला अजून मोबाइलचा गजर बंद करता येत नाही.”

“तो गजरच हट्टी आहे.”

त्याने सासऱ्यांचा जुना फोटो ॲपला दिला आणि लिहिलं, ‘हे गृहस्थ मनापासून हसताना.’ खाली एक सरकपट्टी होती: ‘वैविध्य’, शून्यापासून शंभरपर्यंत; जितकी पुढे न्यावी तितकं चित्र मूळ फोटोपासून दूर जाणार. त्याने शून्य ठेवलं (सरकारी माणसाला आश्चर्याचे धक्के सोसत नाहीत). चार चित्रं आली. चारही हेडमास्तर सारखेच, चारही रागावलेले. कारकुनाने नकळत खुर्चीवरचे पाय खाली घेतले.

पट्टी विसावर नेली आणि काम फत्ते झालं. दुसऱ्या चित्रात ओठांच्या कोपऱ्यात खरंखुरं हसू होतं. बायकोचे डोळे भरून आले. “आपल्या लग्नातसुद्धा बाबा असे हसले नव्हते.”

“लग्नात त्यांना जावई दिसत होता,” तो नम्रपणे म्हणाला.

इथे थांबायला हवं होतं. पण हात शिवशिवले. ती स्वयंपाकघरात गेल्यावर, नुसतं बघूया म्हणून, त्याने पट्टी पार शंभरवर ढकलली. एक सासरे दीपगृहावर उभे. दुसरे तीन हातांनी बाजा वाजवताहेत. तिसरे उघड उघड दुसऱ्याच कुणाचे तरी सासरे. आणि चौथे, कोट-टाय घालून, शहामृगावर बसून, बत्तीशी दाखवत चाललेले. हसून हसून त्याच्या पोटात दुखलं. मग डोळे पुसून त्याने ‘सर्वांत वरचं चित्र छपाईला पाठवा’ हे बटण दाबलं.

त्याच्या ऑफिसात गेली बावीस वर्षं मंजूर झालेला कागद फाइलच्या वर लावत आले होते; बायकोने पसंत केलेलं हसरं चित्रही तसंच वर असणार, असं त्याने धरलं. ॲप मात्र शेवटी आलेलं चित्र वर ठेवतं. दुकानातून फ्रेम बांधूनच आली, आणि बांधलेलं पार्सल फोडायचं नाही हा त्याचा बाणा.

वाढदिवसाला पाहुण्यांसमोर सासूबाईंनी मोठ्या आशेने कागद फाडला. सासूबाईंचा चेहरा एवढासा झाला आणि बायकोने नवऱ्याकडे असं पाहिलं की त्याला बाल्कनी जवळची वाटू लागली. आपण एका म्हातारीची पन्नास वर्षांची हौस मातीत घातली, या विचाराने त्याला खरंच रडू यायला लागलं.

सासऱ्यांनी चष्मा लावला. “जावईबापू, हा मी?”

“हो... म्हणजे वैविध्य जरा जास्त झालं.”

“आणि हा खालचा?”

“शहामृग.”

सासऱ्यांनी फ्रेम डोळ्यांजवळ नेली. “चित्रात शिस्तीचा तेवढा तोच दिसतोय,” ते म्हणाले, आणि त्यांचे खांदे हलू लागले. मग ते हसले. कवळी हातात धरावी लागेपर्यंत हसले! मेहुणीने पटकन मोबाइलवर सासरे-जावयाचा फोटो काढला. सासूबाईंनी तो मोबाइल छातीशी धरला आणि परत द्यायलाच तयार होईनात.

दुसऱ्या दिवशी नवरा-बायको तोच फोटो छापायला त्याच फ्रेमवाल्या दुकानात गेले. दुकानदाराने पडद्यावर तो मोठा केला.

“ताई, आजोबा झकास आलेत, अगदी खरे वाटतात. पण शेजारचा हा माणूस बिघडला. डोळे बाहेर, तोंड उघडं, मान कुठल्या कुठे. वैविध्य कमी करून पुन्हा काढा ना.”

बायकोने शेजारी उभ्या नवऱ्याकडे एकदा पाहून घेतलं.

“नाही हो होत कमी,” ती म्हणाली. “लग्नापासून प्रयत्न करतेय.”