लालासाहेबांच्या कपाळावरचा पिवळा ठिपका

सयाजीराव स्वतःची ओळख करून द्यायला लागले की ऐकणाऱ्याने आधी बूड टेकून घ्यावे, हे उत्तम. "आंतरतालुका गुप्तहेर," ते सुरुवात करत. "जावळी, पाटण, कराड. मिरजेतबी एक केस केलेली हाय. नजर घारीची, कान सशाचं, आणि नाक... नाकाबद्दल लोकांनीच सांगावं." मग ते थांबून लोकांकडे बघत. लोक काही सांगत नसत. लष्करात सतरा वर्षे त्यांनी गोपनीय कामगिरी बजावली होती. ती कोठारातली ब्लँकेटे मोजण्याची होती आणि हे गोपनीय ठेवण्याचे काम त्यांचा मेहुणा जोतीराम याच्याकडे होते.

जोतीराम त्यांचा सहायक. बहीण दिलेली असल्यामुळे त्याला राजीनामा देता येत नव्हता.

सन अठ्ठ्याण्णवच्या मार्चमध्ये साताऱ्याच्या पोवई नाक्याजवळ मिलिंदच्या फोटो स्टुडिओत त्यांना बोलावणे आले. खरे म्हणजे आले नव्हते. मिलिंद जोतीरामला नुसते सांगत होता आणि सयाजीराव मागे उभे होते.

मिलिंद जुने फोटो नवे करून देई. फाटलेले गाल जोडायचे, बंडीतल्या आजोबांना कोट चढवायचा, नवरा-बायकोचा एकत्र फोटो कधी निघालाच नसेल तर दोघांना मरणानंतर शेजारी बसवायचे. इतकी वर्षे हे ब्रशाने चाले. आता त्याने जुना कॉम्प्युटर घेतला होता आणि सांगलीच्या एका व्यापाऱ्याने स्कॅनर आणि प्रिंटर आठ दिवस वापरून बघायला दिले होते. पसंत पडले तर ठेवायचे, नाही तर रविवारी सांगलीची जीप येऊन उचलून नेणार. मग मिलिंदला पुण्याच्या कलर लॅबमध्ये नोकरी धरावी लागणार. तिकडून दोनदा बोलावणे येऊन गेले होते. तेव्हापासून त्याची आई मुक्ताबाई भाकरी जरा जास्त जोरात थापत असे.

"अडचण काय?" सयाजीरावांनी डायरी उघडली.

"सयाजीकाका, जो फोटो स्कॅन करावा त्याच्यावर पिवळा ठिपका येतोय. बारक्या पोराच्या नाकावर आला, नवरीच्या गालावर आला. आणि लालासाहेबांच्या..."

मिलिंदला पुढे सांगावे लागले नाही. लालासाहेब स्वतःच आत शिरले. मेढ्याचे हे बडे बागायतदार दूध संघाच्या निवडणुकीला उभे होते. पोस्टरच्या नमुन्यावर त्यांच्या कपाळाच्या बरोबर मधोमध गोल, पिवळा ठिपका होता.

"आरं, जित्या माणसाला गंध लावलंस व्हय?" ते कडाडले. "ह्ये पोस्टर लागलं तर लोक मत न्हाई देणार, हार घालतील! रविवारी दुपारपातूर नीट करून दे. न्हाई तर तालुक्यात एक माणूस तुझ्या दुकानात फोटो आणणार न्हाई, ह्ये मी बघतो."

ते गेल्यावर सयाजीरावांनी प्रिंटरभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या. "सोपं हाय. पिवळी शाई गळतीय. गुन्हेगार प्रिंटर."

"पण काका, छापायच्या आधी पडद्यावरच दिसतोय ठिपका."

सयाजीरावांनी डायरीतली एक ओळ खोडली. "म्हणजे त्याला साथीदार हाय," ते म्हणाले.

तेवढ्यात मनुबाई आल्या. त्यांचे यजमान नाथाजी गेल्या वर्षी वारले होते आणि वर्षश्राद्धासाठी फोटो मोठा करून हवा होता, कोटासकट. मूळ फोटो फ्रेमच्या काचेला आतून चिकटून बसलेला. ओढून काढला तर नाथाजींचे अर्धे तोंड काचेवर राहिले असते, म्हणून मिलिंद फ्रेमसकट स्कॅन करत होता. मनुबाईंनी टेबलावरच्या फ्रेमला गंध लावले, जास्वंदीचे फूल वाहिले, हात जोडले. फोटो दुकानात असला म्हणून रोजची पूजा कशी चुकवायची? आठवडाभर त्या सकाळी येत होत्या.

"बाई, जरा बाजूला सरा, तपास चाललाय," सयाजीराव म्हणाले. मनुबाई सरकल्या.

दुसऱ्या दिवशी सयाजीरावांना अंघोळ करताना साक्षात्कार झाला. "जोती! यंत्र आलं कुठनं? सांगलीवरनं. सांगली कशाची? हळदीची! ठिपका कसला? पिवळा!"

इतका बिनचूक तर्क दाजींच्या तोंडून जोतीरामने कधी ऐकला नव्हता. म्हणूनच तो घाबरला. एसटीने दोघे सांगलीला गेले. व्यापाऱ्याच्या दुकानात सयाजीरावांनी सगळी खोकी हुंगली, आठ वेळा शिंकले आणि गुदामात हळद कुठे लपवलीय ते विचारले. व्यापारी भला माणूस. त्याने दोघांना पाणी दिले आणि वाद नको म्हणून दुसरा, भारीतला स्कॅनर तुलनेसाठी सोबत दिला.

"तुमच्याकडचा त्यो तीनशे डीपीआयचा, ह्यो सहाशेचा, जास्त बारीक टिपतो," त्याने समजावले.

"सहाशेवाला जास्त मुरलेला दिसतोय," असे सयाजीरावांनी डायरीत लिहिले. पुरावा म्हणून बाजारातून अर्धा किलो हळदही घेतली. तो पुरावा त्याच संध्याकाळी जोतीरामच्या बहिणीने आमटीत घातला.

शनिवारी नवा स्कॅनर जोडला. तुलना करायची तर फोटो तोच हवा, म्हणून मिलिंदने आधी नाथाजींची फ्रेम ठेवली. पण भारी यंत्राचे झाकण निघेना, फ्रेम नीट बसेना, नाथाजी धुक्यात उभे असल्यासारखे आले. मग त्याच जागी लालासाहेबांना ठेवले.

ठिपका आला. कपाळाच्या मधोमध, आदल्यापेक्षा ताजा.

मिलिंदने स्कॅनर बंद केला. "दोन यंत्रं, दोन्हीत तेच. माझ्याच हाताला गुण न्हाई. जातो मी पुण्याला," तो म्हणाला. जोतीरामला फार वाईट वाटले.

"थांब पोरा," सयाजीराव म्हणाले. "यंत्रं बदलली, ठिपका बदलला न्हाई. म्हणजे ह्यात माणसाचा हात हाय. लालासाहेबांच्या इरोधात कोण उभाय? शंभूराज!"

ते लगेच वेश पालटून, म्हणजे टोपी उलटी घालून, शंभूराजच्या वाड्यासमोर पाळतीवर बसले. पाच मिनिटांत आतून हाक आली, "आवं सयाजीराव, उन्हात का बसलाय? आत या, च्या घ्या." दोन कप चहा पिऊन ते परतले आणि शंभूराज लय धूर्त माणूस आहे, असा अहवाल त्यांनी दिला.

रविवारी बाराला सांगलीची जीप दारात उभी राहिली. ड्रायव्हर हॉर्न वाजवू लागला. लालासाहेबही येऊन खुर्चीत बसले आणि घड्याळाकडे बघू लागले. सयाजीरावांनी पाचवा सिद्धांत काढला होता. नाथाजींचा आत्मा दूध संघाच्या कारभारावर नाराज आहे आणि उमेदवारांवर खूण करतो आहे, असा तो होता. लालासाहेबांचा चेहरा उतरला. नाथाजींच्या दुधाचे फॅट कमी लावून त्यांनीच दर पाडला होता.

मुक्ताबाई मिलिंदचा डबा घेऊन आली ती याच वेळी. तिने डबा ठेवला, उघड्या स्कॅनरकडे पाहिले आणि काचेवरून बोट फिरवले. बोट पिवळे झाले.

"मिलिंदा, ह्ये गंध हाय रं."

"गंध?"

"मनुबाई रोज फ्रेमला लावती का न्हाई? ती फ्रेम तू वल्ली तशीच पालथी घालतोस. आपल्यात फोटोला नुसतं फूल वाहत्यात, म्हणून तुझ्या ध्यानात न्हाई आलं." तिने पदराचे टोक ओले केले आणि दोन्ही काचा पुसून काढल्या.

लालासाहेबांचा फोटो पुन्हा ठेवला गेला. प्रिंटर खरखरत एकेक ओळ छापू लागला. आधी फेटा आला, मग कपाळ. सगळे प्रिंटरवर वाकले. कपाळ कोरे होते. मग भुवया, मिशा, हनुवटी.

"आलो गड्या!" लालासाहेब ओरडले. "जित्ता आलो!"

सयाजीरावांनी डायरीचे पान उलटले. "आवं मुक्ताबाई, तुमी नक्की कोणता तर्क लावला?"

"तर्क कसला सयाजीभाऊ? काच मळली हुती, पुसली."

सयाजीरावांनी डायरीत लिहिले: 'आरोपी काचेवर रंगेहाथ सापडला.' कोणी पकडला, ती जागा त्यांनी कोरी सोडली.

"कुठलं उचलू?" ड्रायव्हरने विचारले. सयाजीराव सहाशे डीपीआयच्या बाजूने भाषण सुरू करणार, इतक्यात मिलिंद म्हणाला, "भारीतलं न्या. ह्या पहिल्याचं झाकण निघतंय, फ्रेम बसती. आमच्याकडं माणसं फ्रेमच घेऊन येत्यात. हे आणि प्रिंटर ऱ्हाऊ दे." मग जरा थांबून म्हणाला, "आई, पुण्याला कळवतो, येत न्हाई म्हणून."

मुक्ताबाईने सगळ्यांकडे पाठ केली. ती स्कॅनरची काच पुन्हा पुसू लागली.

काच केव्हाच लख्ख झाली होती, तरी पदर डोळ्यांकडे जाऊन पुन्हा काचेवर येत होता. आयुष्यात पहिल्यांदाच जोतीरामने आपला आपण एक तर्क केला, तो बरोबर निघाला, आणि त्याने तो दाजींनासुद्धा सांगितला नाही.